अंगठ्याखालचा रस्ता

भिंतीत भोक दिसलं की रंगारीकाकांचा अंगठा शिवशिवायचा. काही माणसं बोटं मोडतात, काही मिशी पिळतात, काका भोकं बुजवत. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला पुट्टीचा गोळा त्यांच्या खिशात कायम असे, रविवारच्या कोटाच्या खिशातसुद्धा. कोणाकडे सांत्वनाला गेले तरी समोरच्याचं दुःख कानाने ऐकत असताना पाठीमागचं खिळ्याचं भोक हाताने चाचपून, दाबून, नखाने सपाट करून मोकळे होत. मुलाच्या सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी व्याह्यांची भिंत इतक्या आपुलकीने दुरुस्त केली की घड्याळ परत टांगायला जागा सापडेना. घरी काकूंनी कॅलेंडरचा खिळा जरा डावीकडे घ्यायचा म्हणून काढावा, तर हातोडी आणून वळेपर्यंत जुनं भोक जगातून नाहीसं झालेलं असे.

याला कोणी खोड म्हणत, कोणी रोग म्हणत. काका याला धंद्याचा धर्म म्हणत.

त्यांचं दुसरं प्रेम म्हणजे शिडी. पहिलं कोणतं हे काकूंनी कधी विचारलं नाही. उत्तर ऐकायची त्यांची तयारी नव्हती. लाकडी, लांब, प्रत्येक पायरीवर निरनिराळ्या घरांचे रंग सांडलेली ती शिडी काकांनी तरुणपणी केली होती आणि सारा जन्म तिच्यावर काढला होता. खाली उतरल्यावर आपण जरा कमी उंचीचे, जरा कमी हुशार होतो असं त्यांना मनापासून वाटे.

याच शिडीने अलीकडे दगा दिला. काका वरून निसटले आणि थेट डिस्टेंपरच्या डब्यात, खुर्चीत बसावं तसे बसले. हाड एकही मोडलं नाही, पण डबा अंगावरून काढायला दोन माणसं लागली, आणि गावभर हसू झालं ते वेगळंच. त्या दिवशी मुलाने सांगून टाकलं. मुलगा म्हणजे एकुलता एक, धंद्यातला भागीदार आणि टेंपोचा मालक. तो म्हणाला की बाबा, झालं तेवढं पुरे, आता पुन्हा काही विपरीत दिसलं तर शिडी माझ्या टेंपोवर जाईल आणि तुम्ही घरी बसाल. आवाज चढवला नाही, हीच पंचाईत. चढवला असता तर काकांनी भांडून जिंकलं असतं.

अशा या नाजूक काळात चर्चचं काम आलं. वेदीच्या मागे एक बंद खोली होती, मोडके बाक आणि फाटके पडदे ठेवायची. तिथे मुलांचा रविवारचा वर्ग भरवायचं ठरलं होतं. काम लहान, छत बुटकं, म्हणून मुलाने ते काकांना एकट्याला करू दिलं, शिडीची दुसरी पायरी ओलांडायची नाही या बोलीवर. काकांनी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

काका चर्चचे जुने सभासद. दर रविवारी उपासनेला हजर, तिसऱ्या बाकावर, काकू गायकवृंदात आणि हे खाली. देवावर त्यांचा विश्वास होता, पण तो पाण्याच्या टाकीवर असावा तसा. आहे वर कुठेतरी, नळ सोडला की येतं. त्यांची प्रार्थना म्हणजे कामावरची खबर दिल्यासारखी असे. घरी सगळे बरे आहेत, गुडघा दुखतो, सूनबाईचा खोकला कमी आहे, आमेन. देवही ‘बरं, बरं’ म्हणून पुढच्या माणसाकडे वळत असावा. चमत्कारांविषयी त्यांची काही तक्रार नव्हती. पूर्वी ते होत, आता होत नाहीत. पूर्वीसारखं रंगात मिसळायचं अळशीचं तेल तरी आता कुठे मिळतं?

शनिवारी दुपारी त्यांनी खिडकीसमोरच्या भिंतीला पांढऱ्याचा पहिला हात मारला. खिडकी रस्त्यावर होती आणि रस्ता धुळीचा. ओल्या रंगावर धूळ बसली की भिंत खरूज झाल्यासारखी दिसते. म्हणून त्यांनी खिडकीच्या लाकडी झडपा लावून घेतल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, दार ओढलं. छत रंगवायचं म्हणून दिवा आधीच काढून ठेवला होता. खोलीत काळोख झाला. काका खिडकीकडे पाठ करून रंगाच्या डब्यावर बसले आणि थर्मासमधला चहा टोपणात ओतला.

दुसऱ्या घोटाला त्यांना भिंतीवर डाग दिसला.

रंगाऱ्याला भूत परवडतं, डाग परवडत नाही. जुना ओलाव्याचा डाग नव्या रंगातून वर आला असणार म्हणून काकांनी देवाच्या घरात तोंडात येऊ नये असा शब्द गिळला आणि पुढे सरकले. डाग निळा होता. ओलाव्याचा डाग निळा कसा? जरा डोळे सरावले तसा तो निळा भाग खाली फरशीलगत पसरत गेला, साचलेल्या पाण्यासारखा. वर करडा पट्टा उमटला. आणि मग त्या पट्ट्यावरून, छताजवळून, एक बस गेली.

बस उलटी होती. चाकं वर, टप खाली. चालत मात्र व्यवस्थित होती, आणि थांब्यावर थांबलीही.

काकांच्या हातातला चहा कधी सांडला ते त्यांना कळलं नाही. बसमधून माणसं उतरली. उतरली म्हणजे वर चढली, आणि पालीसारखी छताला पाय लावून, डोकी खाली सोडून आपापल्या कामाला निघाली. एक कुत्रा चारही पाय वर करून निवांत चालत गेला. लॉन्ड्रीवाला लाल चादर झटकत होता आणि चादर खालून वर फडकत होती. तो लाल रंग! काकांनी आयुष्यभर डबे ढवळले होते, पण असला लाल त्यांनी कुठल्याच डब्यात पाहिला नव्हता. तो भिंतीला लावलेला नव्हता. भिंतीवर नुसता येऊन बसला होता, फुलपाखरासारखा, उडेल असा.

त्यांनी भिंतीला हात लावला. हाताला पांढरा रंग लागला आणि हातावर लॉन्ड्रीवाला आला. पंजाच्या पाठीवर, बोटभर, चादर झटकत. काकांनी घाईने हात मागे घेतला. न जाणो, दुखावला तर.

मग त्यांनी झडप उघडून रस्त्यावर पाहिलं. रस्ता सरळ होता, बस निघून गेली होती, कुत्रा पायांवर होता. वळून पाहिलं तर भिंत कोरी. भिंतीवरची नजर न काढता झडप ओढली, पुन्हा सगळं हजर. तीनदा, चारदा असंच. चित्र लाजाळू आहे, उजेडात येत नाही, एवढा निष्कर्ष काकांनी काढला आणि ते परत डब्यावर बसले. रंगाऱ्याची जात भिंत बघणारी. पाठीमागे काय आहे हे बघायचं त्यांना सुचलंच नाही.

त्यांनी हात जोडले. नेहमीची खबर द्यायला तोंड उघडलं, तर गुडघा, खोकला, काहीच आठवेना. नुसतं “प्रभू, हे काय आहे हो?” एवढंच बाहेर आलं. पुढे मागायला काही नव्हतं. आमेनही राहून गेलं.

घरी येताना त्यांनी तोंड शिवून टाकायचं ठरवलं. आधीच डब्यात बसलेला माणूस. त्यात आता भिंतीवर उलटी माणसं चालतात म्हणाला, तर मुलगा शिडी नेईल आणि बरोबर डोळ्यांचा नाहीतर डोक्याचा डॉक्टर घेऊन येईल. गप्प बसण्यात सगळं हित होतं. ते घरापर्यंत गप्प बसलेही. घरात मात्र काकूंनी त्यांना एकदा नीट पाहिलं. कॅलेंडरचा खिळा काकूंनी नेमका त्या दिवशीच काढला होता आणि काका त्या भोकावरून हात न लावता पुढे गेले होते.

“बरं नाही का हो?” काकूंनी विचारलं.

झालं. शिवण उसवली. काकांनी बस सांगितली, कुत्रा सांगितला, चादर तर उभं राहून, हातवारे करून सांगितली. काकू गायनाच्या सरावाला निघायच्या होत्या. त्या केसांत आकडा खोचता खोचता ऐकत होत्या. सगळं ऐकून त्यांनी एकच शंका काढली.

“उलटी चालतात, तर टोप्या पडत नाहीत त्यांच्या?”

“नाही. डोक्यावरच राहतात.”

“मग कोणीतरी धरल्या असतील,” काकू म्हणाल्या आणि दुसरा आकडा खोचला.

काकूंचा विश्वास बसला होता. इतक्या वर्षांच्या संसारात काका फक्त एकच खोटं बोलत, ते म्हणजे ‘कामावरून थेट घरी आलो’. बस, कुत्रा, लाल चादर एवढं रचायची त्यांची कुवत नाही हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. सरावाला जाऊन त्यांनी ही गोष्ट फक्त एका बाईला सांगितली, तीही कोणाला न सांगण्याच्या शपथेवर. दुर्दैवाने ती बाई आमेनबाई होती. प्रार्थना संपायच्या आत त्यांचं आमेन तयार असे, म्हणून हे नाव. बातमीच्या बाबतीतही त्यांची पद्धत तीच होती.

रविवारी सकाळी मुलगा टेंपो घेऊन दाराशी उभा होता. त्याला सगळं कळलं होतं, त्याच्याकडून सूनबाईला, सूनबाईकडून तिच्या माहेरी. तो रागावला नाही. रस्ताभर टेंपो चालवताना त्याने शांतपणे सांगितलं की उपासना झाल्यावर सगळ्यांना ती खोली दाखवा. दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर शिडी आजच गाडीवर.

“दिसेल,” काका म्हणाले. आतून ते लहान मुलासारखे उड्या मारत होते. शिडीची त्यांना त्या घटकेला आठवणसुद्धा नव्हती.

उपासनेआधी ते पळत खोलीत गेले. पाहुणे यायचे म्हणून झडपा सताड उघडल्या, डबे एका बाजूला लावले, फरशी पुसली, इकडे तिकडे हात फिरवला. रविवारी काम करायचं नाही हा नियम काकांना पाठ होता. अंगठ्याला पाठ नव्हता. घंटा झाली तसे त्यांनी झडपा लावल्या, चिंध्या कोंबल्या आणि धावत तिसरा बाक गाठला.

पाळकसाहेब नवे होते, वयाने काकांच्या मुलाएवढे. उपदेशात विनोद सांगून मग त्याचा अर्थ समजावून देण्याची त्यांना सवय होती. त्यांनी आठवड्यापूर्वी ठरवलेला विषय नेमका असा निघाला की देवाच्या राज्यात वरचे खाली असतात आणि खालचे वर. सगळी मंडळी वळून काकांकडे बघू लागली. पाळकसाहेबांना वाटलं, आज उपदेश लागू पडतोय. त्यांनी तो आणखी वाढवला.

शेवटी आशीर्वाद झाला आणि जवळजवळ सगळं चर्च त्या खोलीच्या दाराशी लोटलं. मावली तेवढी आत आली. पुढे पाळकसाहेब, त्यांच्या शेजारी प्रयोगमास्तर, म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले चर्चचे सेक्रेटरी, मग आमेनबाई, काकू, मुलगा. काकांनी दार ओढून घेतलं. काळोख झाला.

“डोळे सरावू द्या,” काका कुजबुजले.

डोळे सरावले. भिंत पांढरी होती. थोड्या वेळाने ती जरा जास्त पांढरी झाली. कोणीतरी खोकलं, कोणाच्या तरी पायावर कोणाचा तरी पाय पडला.

“मला दिसतंय,” आमेनबाई म्हणाल्या. “पंख आहेत.”

“कुठे?” मास्तरांनी विचारलं.

“सगळीकडे.”

काका भिंतीजवळ गेले. हाताने चाचपली. वास घेतला. कान लावून पाहिला. भिंत म्हणजे नुसती भिंत होती, त्यांनीच रंगवलेली, एकसारखी, सुरेख, मेलेली. काल इथे बस होती, ते सांगायला लागले, इथे थांबा होता, इथे, इथे लॉन्ड्री, आणि पांढऱ्या भिंतीवर त्यांचं बोट फिरत राहिलं. लोक अवघडून बघत होते. पाळकसाहेब हळुवारपणे म्हणाले की कधी कधी देव एखाद्यालाच काही दाखवतो. ते बोलले चांगल्या मनाने, पण काकांना ते डब्यात बसल्यापेक्षा जास्त लागलं. मागची माणसं एकेक करून निघाली. घरी जेवणं खोळंबली होती.

मुलाने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. “बाबा, चला घरी.” आणि कोपऱ्यातली शिडी उचलली.

काका शिडीकडे बघत राहिले. तिच्या पायऱ्यांवर सगळी घरं होती. पिवळं, पिस्ता, सूनबाईच्या खोलीचा गुलाबी.

“ने,” ते म्हणाले. “ठरलं होतं तसं ने. पण मी पाहिलं रे. पाहिलं ते पाहिलं. ते काही तुझ्या टेंपोवर मावायचं नाही.”

मुलगा शिडी खांद्यावर टाकून बाहेर पडला. शिडी दारात अडकू नये म्हणून काकांनीच पुढे होऊन तिचं शेपूट उचलून दिलं, आणि दार पुन्हा ओढून घेतलं. का, कोणास ठाऊक. काळोखच बरा वाटला असेल.

आत आता चौघंच राहिली होती त्यांच्यासोबत: काकू, मास्तर, पाळकसाहेब आणि पंखांसाठी थांबलेल्या आमेनबाई. काकूंना गुदमरायला लागलं. त्या झडप उघडायला खिडकीकडे गेल्या, कडी चाचपडू लागल्या आणि थांबल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “इथे काय लावलंत?”

“कुठे?”

“झडपेच्या लाकडात. मऊ लागतंय. ओलं आहे.”

 काकांनी उजवा हात नाकाजवळ नेला आणि अंगठ्याचा वास घेतला. पुट्टीचा, ताज्या पुट्टीचा वास. मग त्यांना आठवलं. आठवलं म्हणजे अंगठ्याला आठवलं. सकाळी झडप उघडी होती, तिच्यावर ऊन पडलं होतं, लाकडातली एक गाठ कधीकाळी गळून तिथे भोक पडलं होतं. आणि भोक दिसल्यावर...

“पाहुणे यायचे होते,” काका कसंबसं म्हणाले. “बरं दिसेना.”

काकूंनी देवाचं नाव घेतलं, त्यातलं भक्तीचं प्रमाण सांगता येत नाही. मग केसांतला आकडा उपसला आणि त्या मऊ पुट्टीत खुपसून आरपार काढला.

उजेडाची एक सुई खोलीत शिरली, आणि भिंत जिवंत झाली.

काल दिसलं ते काहीच नव्हतं. काल भोक अंगठ्याएवढं होतं आणि चित्र विरलेलं. आज आकड्याच्या भोकातून आलेलं चित्र जरा मंद होतं, पण असं रेखीव की लॉन्ड्रीच्या दोरीवरचे चिमटे वेगळे दिसत होते. खाली निळं आकाश, त्यात एक ढग मांजरासारखा सरकत होता. झाडं फांद्यांवर उभी होती. उपासनेहून निघालेली मंडळी छताला पाय लावून घरी चालली होती, गप्पा मारत, चांगल्या कपड्यांत, आणि कोणाचीही टोपी पडत नव्हती.

“मी म्हणाले नव्हते?” आमेनबाई म्हणाल्या. पण त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आमेन मागे राहिलं होतं.

प्रयोगमास्तर खाली बसले ते बसलेच. खिशातून खडू काढून, कारण निवृत्त झाले तरी त्यांच्या खिशातून खडू निवृत्त झाला नव्हता, ते फरशीवर रेघा मारू लागले. प्रकाश सरळ जातो, ते भराभर सांगत होते, वरचा किरण भोकातून खाली येतो, खालचा वर, म्हणून उलटं, भोक बारीक तितकं चित्र रेखीव, हे तर सातवीला असतं! मग रेघ अर्धी ठेवून त्यांनी वर पाहिलं आणि खडू हातातून गळला.

“मी हे सारा जन्म फळ्यावर काढलं,” मास्तर म्हणाले. “खिडक्या मात्र कधी लावल्या नाहीत. अंधार केला असता तर पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला असता.” आणि ते हसायला लागले, डोळे पुसत, पुन्हा बघत, पुन्हा हसत.

“म्हणजे हे रोज असतं?” काकांनी विचारलं.

“रोज. जिथे भोक आहे आणि आत अंधार आहे, तिथे तिथे.”

“सगळ्या भोकांतून?”

“सगळ्या.”

काका भिंतीला टेकले. कोटाच्या पाठीला पांढरं लागलं तरी त्यांना कळलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोरून आयुष्यभराची भोकं गेली. दारांतली, झडपांतली, माळ्यांवरच्या फळ्यांतली. प्रत्येकाच्या पलीकडे एकेक रस्ता उभा होता, आकाशासकट, आत यायला. आणि हे अंगठा घेऊन दारात.

“मी जग बुजवत आलो,” काका म्हणाले.

“तरी ते यायचं थांबलं नाही ना,” काकू म्हणाल्या. “आकडा खुपसायचा अवकाश होता.”

काकांच्या मनात मात्र आणखी एक किडा वळवळत होता. “मास्तर, तो प्रकाश सरळच का जातो पण?”

मास्तरांनी गळलेला खडू उचलला आणि खिशात टाकला. “जातो म्हणजे,” ते म्हणाले, “त्याला तसं सांगितलेलं आहे.” मग पाळकसाहेबांकडे बघून म्हणाले, “यापुढचं खातं तुमचं.”

पाळकसाहेब ऐकतच नव्हते. ते भिंतीकडे बोट करून उभे होते.

भिंतीवर टेंपो आला होता, चाकं वर करून. आणि त्याच्या शेजारी मुलगा. त्याने शिडी खांद्यावरून उतरवली, टपावर दोर टाकायचा म्हणून टेंपोला टेकवून उभी केली आणि तिच्यावर चढू लागला. बाहेर चढत होता. इथे शिडी वरून लोंबत होती, तिचं टोक खालच्या निळ्या आकाशात बुडालेलं, आणि पायरी पायरीने तो त्या आकाशाकडे उतरत होता. ऊन त्याच्या सदऱ्यावर पडलं होतं. पायऱ्यांवरचे रंग, पिवळा, पिस्ता, गुलाबी, सगळे दिसत होते, आणि असे उजळलेले की काकांना ते आपण लावले यावर विश्वास बसेना.

“याकोबाची शिडी,” पाळकसाहेब म्हणाले. दगडाची उशी करून झोपलेल्या माणसाला स्वप्नात दिसलेली शिडी, पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत, आणि तिच्यावरून चढणारे-उतरणारे देवदूत. त्यांनी ती मुलांना कितीदा सांगितली होती. आता त्यांनी विनोदही सांगितला नाही आणि अर्थही समजावला नाही.

“देवदूत आमचा आहे,” काकू म्हणाल्या. “चपलांवरून ओळखलं.” आणि पदराने नाक पुसून त्या त्याला बोलवायला बाहेर पडल्या.

काका बघत राहिले. क्षणात काकू भिंतीवर आल्या, छतावरून तुरुतुरु चालत. टेंपोपाशी जाऊन त्यांनी मुलाला हात लावून खाली, म्हणजे वर, उतरवलं आणि बोलायला सुरुवात केली. बोट नाचत होतं, मान हलत होती, आवाज मात्र नव्हता. काकूंचं बोलणं आवाजाशिवाय काका पहिल्यांदाच अनुभवत होते. किती सुंदर बोलते ही, त्यांना वाटलं. मग काकू मध्येच थांबल्या. वळून त्यांनी थेट खिडकीकडे पाहिलं आणि हात हलवला. काका आत बघत असणार हे त्यांना माहीत होतं.

काकांनीही हात हलवला. भिंतीकडे बघून, काळोखात, जिथून तो कोणालाच दिसणार नव्हता.

या खेपेला प्रार्थनेसाठी तोंड उघडावंही लागलं नाही. ती आधीच चालू होती. बहुधा कालपासूनच.

मुलगा आत आला तेव्हा आधी दारातून शिडीचं टोक आलं. तो शिडी धरून भिंतीसमोर उभा राहिला. बाहेर कोणीतरी सायकलवरून गेलं, आकाशाला डोकं लावून. मुलगा बराच वेळ बघत होता. शेवटी शिडी हळूच कोपऱ्यात होती तिथे टेकवली.

“राहू दे इथे,” तो म्हणाला. “पण खालून धरायला मी असणार. रोज.”

“रोज कशाला?”

“मलाही बघायचंय.”

त्या दुपारी चर्चमधलं कोणी घरी वेळेवर जेवलं नाही. जे निघून गेले होते ते परत आले. आतला प्रत्येकजण धावत बाहेर जाऊन रस्त्यात हातवारे करू लागला, म्हणजे आत आपण दिसू. एक वेळ अशी आली की अख्खी मंडळी, पाळकसाहेबांसकट, रस्त्यावर नाचत होती आणि ती बघायला आत एकटे काका. मास्तर बाहेरून ओरडून विचारत होते की मी दिसतोय का. आमेनबाई दोन्ही हात पसरून उभ्या होत्या, पंखांसारखे.

खोलीचं काम आठवडाभर चाललं. भिंतीला दुसरा हात झाला, छत झालं. काका वर आणि मुलगा खाली शिडी धरून. शेवटी झडपांना रंग द्यायचा राहिला. तो मुलगा देत होता आणि काका डब्यावर बसून चहा घेत होते. ब्रश सरसर फिरला, वरून खाली, खालून वर. मग मुलाचा डावा हात खिशात गेला आणि कसलासा गोळा चिमटीत घेऊन त्याचा अंगठा आपसूक लाकडातल्या त्या भोकाकडे निघाला.

काकांनी टोपण खाली ठेवलं आणि त्याचं मनगट धरलं.

“तेवढं राहू दे,” ते म्हणाले.